पडद्यावरचा वॉर्ड, तारकर्लीची वाट

पडद्यावर बुडालेल्या माणसाला किनाऱ्यावर आणतात. कुणीतरी त्याच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब देतं, तोंडातून पाण्याची चूळ उडते, माणूस खोकतो, डोळे उघडतो आणि आपण कुठे आहोत असं विचारतो. हा प्रसंग आधी सिनेमात आणि मग मालिकांत आपण इतक्यांदा पाहिला आहे की बुडालेल्याला असंच वाचवायचं असतं, हे आपल्या हातांनाही पाठ झालं आहे.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर ही पाठ झालेली गोष्ट जिवावर बेतू शकते. पोट दाबलं की पोटातलं पाणी आणि अन्न वर येतं आणि तेच श्वासनलिकेत उतरतं. बुडालेल्याला हवा असतो श्वास. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने हवा द्यायची आणि मग छातीवर दाब सुरू करायचा, असा क्रम आहे. शुद्धीवर आलेला माणूसही लगेच उठून घरी जाण्याच्या स्थितीत असतोच असं नाही. फुप्फुसात गेलेलं पाणी आपलं काम काही तासांनी दाखवतं, म्हणून बोलता-चालता झालेल्यालाही हॉस्पिटलात नेऊन काही तास नजरेखाली ठेवावं लागतं. आणखी एक गोष्ट पडदा कधी सांगत नाही. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वास घेण्याची धडपड चाललेली असताना ओरडायला हवाच उरत नाही. दहा हातांवर आंघोळ करणाऱ्यांनाही कळत नाही, इतकं ते निःशब्द असतं.

तारकर्ली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि पुढे देवबागचा संगम. स्कूबा, बनाना राइड, पॅरासेलिंग यांच्यासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं इथे येतात. १५ एप्रिल २०१७ रोजी शेजारच्या वायरी-भूतनाथ किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून सहलीला आलेले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे वैद्यकीय मालिका खऱ्या हॉस्पिटलाच्या किती जवळ जातात, हा प्रश्न इथे नुसत्या करमणुकीचा राहत नाही. बहुतेक माणसांना हॉस्पिटलाची पहिली ओळख पडदाच करून देतो. ती ओळख चुकीची असेल तर तिची किंमत किनाऱ्यावर आणि वॉर्डात मोजावी लागते.

यंत्रं खरी, वेळ खोटी

भारतीय दूरचित्रवाणीला हॉस्पिटल नवं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ ही हॉस्पिटलातली मालिका केली. २००२ मध्ये ‘संजीवनी’ आणि २००७ मध्ये ‘दिल मिल गये’ आली, आणि पांढरा कोट घातलेले तरुण डॉक्टर घराघरांत पोहोचले. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेली ‘ईआर’ पंधरा वर्षं चालली. तिचे जनक मायकल क्रायटन स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. तिथे डॉक्टरांना लेखकांच्या बरोबरीने बसवायची पद्धत रुळली आणि औषधांची नावं, यंत्रांचे आवाज, जखमांचे रंग हळूहळू बिनचूक होत गेले.

यंत्रं बिनचूक झाली तरी निकाल बिनचूक झाले नाहीत. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तीन डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या मालिकांचे ९७ भाग पाहिले. त्यांत हृदय बंद पडून छाती दाबण्याचे ६० प्रसंग सापडले. पडद्यावरच्या त्या रुग्णांपैकी ७५ टक्के तिथल्या तिथे वाचले, आणि ६७ टक्के बरे होऊन घरी गेल्याचं दिसलं. त्यांतले बरेचसे रुग्ण मुलं किंवा तरुण होते. प्रत्यक्षात हृदय बंद पडणाऱ्यांत वयस्कर माणसं अधिक असतात. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशात आजही हॉस्पिटलातच हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चारांतला एक घरी परततो, आणि हॉस्पिटलाबाहेर थांबलेल्यांपैकी दहांतला एक.

छाती दाबण्याची कृतीही पडद्यावर नीट दिसत नाही. त्याचं कारण साधं आहे. जिवंत नटाच्या छातीवर खरा दाब देता येत नाही. खरा दाब म्हणजे छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. अशाने कधी बरगडी मोडते आणि दाबणारा दोन मिनिटांत दमतो, म्हणून माणसं बदलत राहावी लागतात. मालिकेतला डॉक्टर कोपरं वाकवून हलकेच दाबतो आणि तिसऱ्या-चौथ्या दाबाला रुग्ण श्वास घेतो. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की विजेचा झटका द्यायचा, हेही असंच रूढ झालं आहे. सरळ रेघेवर झटक्याचा उपयोग नसतो. झटका हृदयाच्या बिघडलेल्या, थरथरणाऱ्या ठोक्यांसाठी असतो. सरळ रेघ आली तर छाती दाबत राहायचं आणि औषध द्यायचं.

कोमातून जागा होणारा रुग्ण हाही असाच. पडद्यावर तो एका क्षणात डोळे उघडून नावं घेऊ लागतो. प्रत्यक्षात शुद्ध दिवसादिवसांनी, कधी आठवड्यांनी परतते. आधी वेदनेला हात आखडतो, मग आवाजाकडे डोळे वळतात, मग एखादा शब्द. नातेवाइकांसाठी हा काळ फार कठीण असतो. मालिका बघून आलेल्या नातेवाइकांना तर तो अधिकच कठीण जातो, कारण आपला माणूस एकदम का उठत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अंतर

पडद्यावर हॉस्पिटल दोन दृश्यांच्या अंतरावर असतं. सायरन वाजतो, स्ट्रेचर ढकललं जातं, दारं उघडतात. सिंधुदुर्गात आजारपणाची निम्मी गोष्ट रस्त्यावर घडते. तारकर्लीतला रुग्ण आधी मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात जातो. तिथे जमेल ते करून त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे रेफर करतात. जास्तच गंभीर असेल तर बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. तारकर्लीहून तो शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे, कुडाळ, सावंतवाडी, बांदा ओलांडून. ‘बांबोळीक नेलो’ एवढं ऐकलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. किती गंभीर आहे ते त्याला कळलेलं असतं. १८४२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं ते हॉस्पिटल दक्षिण सिंधुदुर्गाला पिढ्यान्‌पिढ्या आपलंच वाटत आलं आहे. २०१८च्या जानेवारीपासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे लोक रस्त्यावर उतरले, ते याच नात्यामुळे.

चित्र थोडं बदलतं आहे. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. त्यांतल्या २३३ गाड्या गंभीर रुग्णांसाठीच्या साधनांनी सज्ज आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. या योजनेत गाडीत डॉक्टर असतो, म्हणजे उपचार दारातूनच सुरू होतो. तरी विशेषज्ञांच्या रिकाम्या जागा हा जिल्ह्यातला जुना प्रश्न आहे आणि रेफरची चिठ्ठी घेऊन निघणाऱ्या गाड्या थांबलेल्या नाहीत.

गाडीतला तो वेळ मालिकेत कधी दिसत नाही. सलाईनची बाटली वर धरून बसलेला भाऊ, आधार कार्ड आणि रेशन कार्ड घातलेली प्लास्टिकची पिशवी, गाडीत कोण बसणार आणि घरी म्हाताऱ्यांपाशी कोण राहणार याची घाईत झालेली ठरवाठरव, मुंबईच्या चाकरमानी भावाला केलेला फोन, गणपतीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचा हिशेब. कोकणातल्या माणसाच्या हॉस्पिटलाची सुरुवात इथे होते.

‘श्वास’ने दाखवलेलं हॉस्पिटल

ही सुरुवात एका मराठी चित्रपटाने दाखवली आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट सिंधुदुर्गात, पुण्यात आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात चित्रित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळालं. मराठीला हा मान ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी लाभला. भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला.

कोकणातल्या खेड्यातले आजोबा नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला शहरात आणतात. अरुण नलावडे आजोबा आहेत, अश्विन चितळे परशुराम. निदान होतं रेटिनोब्लास्टोमाचं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. मालिकेत इथून पुढे ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा लागला असता. ‘श्वास’ त्या दिव्याकडे जायची घाई करत नाही. तो थांबतो आजोबांपाशी. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना नीट कळलेलं नाही. जे कळलं ते पोराला कसं सांगायचं हे कळत नाही. संमतीपत्रावर सही करायची आहे आणि हात उचलत नाही.

संदीप कुलकर्णींनी केलेले डॉक्टर साने एक गोष्ट लावून धरतात. मुलाला आधी सांगितल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही. वैद्यकीय नाटकाच्या रूढ व्याकरणात हे बसत नाही, कारण यात शौर्य नाही. पण हॉस्पिटलातलं सर्वांत अवघड काम हेच असतं, वाईट बातमी माणसाला समजेल अशा शब्दांत सांगणं. या कामात आजोबांच्या मदतीला येते आसावरी, अमृता सुभाष यांनी केलेली वैद्यकीय समाजसेविका. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवेचा असा विभाग असतो. औषधांच्या पैशांची सोय, ट्रस्टचे अर्ज, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं ही कामं तोच विभाग करतो. वैद्यकीय मालिकांत ही खुर्ची जवळजवळ नेहमी रिकामी असते.

मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं. हा प्रसंग हॉस्पिटलात राहिलेल्या प्रत्येक माणसाला ओळखीचा आहे. मनाची तयारी झालेली, पोर उपाशी, आणि कळतं की आज नाही. आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून निघून जातात. हॉस्पिटलात धावपळ उडते, वर्तमानपत्रांचे बातमीदार जमतात. आजोबा परततात तेव्हा समजतं, की ते पोराला डोळे असेपर्यंत शहर दाखवून आणायला गेले होते. डॉक्टर संतापतात, आणि मग त्यांना आजोबांचं म्हणणं उमगतं. नियम दोघांनाही ठाऊक आहेत, प्रेमही दोघांना आहे, आणि कुणीच खलनायक नाही. वॉर्डात रोज घडतं ते असं.

यातून एक व्यावहारिक शहाणपणही घेण्याजोगं आहे. हा कर्करोग बहुतांशी पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. बाहुलीत काळ्याऐवजी पांढरट चमक दिसणं हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि पुष्कळदा ते फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत आईबापांच्या नजरेला पडतं. लवकर निदान झालं तर जीव वाचतो आणि आज पुष्कळदा डोळाही वाचवता येतो.

सिस्टर कुठे आहेत?

मालिकेतला डॉक्टर सलाईन स्वतः लावतो, रक्त स्वतः काढतो, रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसतो आणि सकाळी ऑपरेशनही करतो. नर्स मागे उभी राहून ‘येस डॉक्टर’ म्हणते. खऱ्या वॉर्डात रुग्ण चोवीस तासांत डॉक्टरला पाहतो काही मिनिटं, बाकी वेळ सिस्टर. नाडी-रक्तदाबाची नोंद, औषधाची वेळ, कूस बदलणं, सलाईनच्या जागेवर सूज आली का ते पाहणं, ‘आज हा रुग्ण कालच्यासारखा दिसत नाही’ हे सर्वांत आधी ओळखणं, हे तिचं काम. लादी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, केसपेपर काढणाऱ्या खिडकीतला कारकून, रक्तपेढीतला तंत्रज्ञ यांच्यातला एकही माणूस गैरहजर राहिला तर वॉर्ड अडखळतो.

मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवणं, स्वच्छ ठेवणं, कूस बदलणं. एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे हे काम सोपवलं. यात एकही नाट्यमय क्षण नाही, आणि हॉस्पिटल म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी मुंबईच्या कामा हॉस्पिटलात शिरले. त्या रात्रीवर २०२१ मध्ये ‘मुंबई डायरीज २६/११’ ही मालिका आली. बॉम्बे जनरल हे तिच्यातलं हॉस्पिटल काल्पनिक आहे. ठासून भरलेला अपघात विभाग, अपुरी साधनं, दमलेले निवासी डॉक्टर हे त्या मालिकेने बरंच जवळून पकडलं. तरी तिचा नायक नियम मोडणारा, एकट्याच्या हिमतीवर लढणारा सर्जनच राहिला. कामा हॉस्पिटलात त्या रात्री परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले, वीस गरोदर बायकांना छोट्या पॅन्ट्रीत हलवलं आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे त्यांनी त्यांतल्या कसाब या दहशतवाद्याला ओळखलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडली. खरं घडलेलं इतकं ताकदीचं असताना कथा सर्जनभोवतीच का फिरावी, हे मालिका लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवं.

नाडी मोजत काढलेली रात्र

डॉक्टरच्या कामाचं खरं रूप बघायचं तर कोकणातच महाडकडे जावं. डॉ. हिम्मतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, तिथे दगावत होती. पुस्तकात उत्तर नव्हतं. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी घेतल्या. घाम केव्हा सुटतो, हातपाय केव्हा गार पडतात, रक्तदाब केव्हा चढतो, फुप्फुसात पाणी केव्हा भरतं. त्या नोंदींतून त्यांना दिसलं की विष हृदयावर घाला घालतं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं आणि विंचूदंशाने मरण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यावर मालिका करायची तर दिग्दर्शकाला तासन्‌तास एक माणूस घड्याळाकडे बघत नाडी मोजताना दाखवावा लागेल. बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटेल. पण वैद्यक पुढे गेलं ते असल्याच कंटाळवाण्या रात्रींनी. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ मराठी वाचकांनी आवडीने वाचलं, कारण त्यात हॉस्पिटल असंच दिसतं. वाचकाला हे चालतं तर प्रेक्षकालाही चालेल.

चालतं, याचे दाखले अलीकडे मिळाले आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ‘द पिट’ या अमेरिकी मालिकेने पंधरा भागांत एकाच पाळीचे पंधरा तास दाखवले, प्रत्येक भाग एक तास. खाटेची वाट बघणारी बाहेरची गर्दी, जेवायला न मिळालेल्या नर्सेस, बातमी सांगण्यासाठीची वेगळी खोली हे सगळं त्यात आलं, आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पारितोषिक तिलाच मिळालं. त्याच वर्षी हिंदीत ‘ग्राम चिकित्सालय’ आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेला तरुण डॉक्टर आणि गावाचा विश्वास कमावून बसलेला बिनपदवीचा वैद्य यांची ती गोष्ट. केंद्रापर्यंत जायला धड रस्ता नाही आणि रुग्णही फिरकत नाही, हे तिने दाखवलं.

काय बिघडतं?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला मारहाण केली, तिच्यात त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने त्याआधीच, २०१० साली, केला होता. अशा हल्ल्यांचं खापर मालिकांवर फोडणं चुकीचं होईल. गर्दी, खर्च, रिकाम्या जागा, नीट न बोलणारे डॉक्टर ही कारणं मोठी आहेत. पण पडद्यावर पंचाहत्तर टक्के रुग्णांना वाचताना पाहिलेल्या माणसाचा बाप डोळ्यांदेखत गेला, तर कुणीतरी हलगर्जी केली असणार असं त्याला वाटतं. ‘रेफर केलं म्हणजे हात झटकले’ असं वाटतं. अमुक यंत्राला लावा, असा आग्रह तो धरतो, आणि काही वेळा त्या आग्रहापायी म्हाताऱ्या माणसाचे शेवटचे दिवस अधिक वेदनेचे होतात.

म्हणून वैद्यकीय मालिका बघताना तीन गोष्टी तपासाव्यात. सिस्टर दिसते का? नातेवाईक वाट बघताना दिसतात का? उपचार करूनही माणूस जातो आणि कुणीतरी ते नीट समजावून सांगतं, असं दिसतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर मालिका खरी, मग तिच्यात यंत्रं कमी असली तरी चालेल. या कसोटीच्या सर्वांत जवळ आजवर मराठीत ‘श्वास’ हा चित्रपट गेला, आणि तो वीसहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. ग्रामीण रुग्णालयावर, रेफरच्या गाडीवर, रात्रपाळीच्या सिस्टरवर मराठीत मालिका लिहिली गेली पाहिजे. तिच्यासाठी लागणारी गोष्ट मालवण ते बांबोळीच्या रस्त्यावर रोज घडते आहे.

आणि या दिवाळीत तारकर्लीला येणार असाल तर एवढं करून या. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव कसा वाचवायचा, याचं प्रशिक्षण आपल्या गावात-शहरात कुठे मिळतं ते विचारा आणि घरातल्या एकाने तरी ते घ्या. लाइफ जॅकेटचे बंद बांधल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका. कुणी बुडालेला बाहेर काढला तर पोट दाबू नका, श्वास द्या, १०८ ला फोन करा, आणि तो उठून बसला तरी त्याला हॉस्पिटलात न्या.